पुरेसा

एखादी वस्तू विकत घ्यावयास निघालेल्या मनुष्याला ती कशासाठी हवी, हे निदान ठाऊक असते, असा आपला एक समज असतो. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत माझाही होता.

बारावीची परीक्षा आटोपली आणि आमच्या चिरंजीवांनी नव्या लॅपटॉपची गोष्ट काढली. "आता कॉलेजच्या अभ्यासाला लागेलच," मी उदारपणे म्हणालो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "अभ्यासाला घरातला जुना पुरेल, बाबा. मला खेळण्यासाठी हवा आहे."

मी गोंधळलो. आमच्यासारख्या घरांतून खेळाला स्वतःच्या नावाने प्रवेश नसतो. बुद्धिबळ येते ते बुद्धी तल्लख व्हावी म्हणून, आणि पोहणे येते ते प्रकृती सुधारावी म्हणून! "अभ्यासाचे नाव सांग, म्हणजे आजीलाही पटेल," असे मी सुचवून पाहिले. "पण ते खरे नाही ना," एवढेच तो म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही दुकानात गेलो. विक्रेत्याने एक सडपातळ, रुपेरी यंत्र पुढे ठेवले. वजन थोडे, साठवण भरपूर, किंमत बेताची. मी पैसे काढणार, तोच चिरंजीवांनी विचारले, "याला स्वतंत्र ग्राफिक्स आहे का?" ते नव्हते. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

घरी त्याने मला जे समजावून दिले, ते वाचकांसही उपयोगी पडेल. पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळातील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलावयाचे, तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लक्ष ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. साध्या लॅपटॉपात हे काम मुख्य प्रोसेसरच्याच पोटातला एक भाग करतो, आणि त्याला स्मृतीही मुख्य कोठारातून उसनी घ्यावी लागते. एका चुलीवर दोन बिऱ्हाडांचा स्वयंपाक म्हणावयाचा! स्वतंत्र ग्राफिक्सची चूलही वेगळी आणि कोठारही वेगळे. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०५० या लॅपटॉपच्या चिपेला ६ जीबींचे कोठार असते, तर ४०६० ला ८ जीबींचे.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. नुसत्या नावावर जाऊ नये, असे तो म्हणाला. तीच ४०६० एका लॅपटॉपात ३५ वॅटवर चालते, तर दुसऱ्यात ११५ वॅटवर. किती वीज द्यावयाची हे लॅपटॉप बनविणारा ठरवितो, कारण यंत्र जितके पातळ, तितकी उष्णता बाहेर टाकणे कठीण. म्हणजे एकाच नावाचे दोन विद्यार्थी. एक घरी पोटभर जेवणारा आणि दुसरा माधुकरीवर दिवस काढणारा. परीक्षेत दोघांचे गुण सारखे कसे पडावेत?

मग त्याने एक कागद पुढे केला. त्यावर तीनच खेळांची नावे होती. त्यांतला एक २०१५ साली निघालेला 'विचर ३', पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्हस्की यांच्या कथांवरून रचलेला. प्रत्येक खेळापुढे निर्मात्यांनी सांगितलेली किमान आणि शिफारस केलेली यंत्रसामग्री लिहिली होती. शेवटी एक ओळ : '४०५० पुरेसा. ४०६० चे जास्त पैसे नकोत.'

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मला १९८३ साल आठवले. त्या वर्षी मी वडिलांजवळ सायकल मागितली होती. कारण सांगितले, ग्रंथालय लांब पडते. खरे कारण होते कात्रजचा घाट. मित्रांबरोबर तो चढण्याची मला हौस. वडिलांनी ओढगस्तीतून पैसे उभे केले आणि ग्रंथालयाला साजेशी सायकल आणली : भक्कम, जड, मागे रुंद कॅरिअर, पुढे डायनामोचा दिवा. घाटात मी सदैव सर्वांच्या मागे असे. तक्रार करावी, तर कोणत्या तोंडाने? कारण खोटे सांगितले होते, म्हणून मापही चुकले होते. चिरंजीवांचे माप चुकले नाही, कारण त्याला झाकण्यासारखे काही नव्हते.

लॅपटॉप घरी आला त्या रात्री ही हकीकत मी त्याला प्रथमच सांगितली. आई पलीकडे वाती वळीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांना ठाऊक होते रे. कॅरिअरला एकदाही पुस्तक दिसले नाही. म्हणत असत, सरळ मागितली असती, तर हलकी आणली असती. पैसेही कमी पडले असते."

वडिलांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. मी काही बोललो नाही. चिरंजीवांनी मात्र खुर्ची थोडी बाजूला सरकविली आणि म्हणाले, "बाबा, बसा. पहिला डाव तुम्ही खेळा."