धूर, धूळ आणि गायब होणारे डोंगर

पावसाळ्यात उघाडी पडली की परतवाड्याहून गाविलगडाचे डोंगर अगदी लख्ख दिसतात. मे महिन्यात, अकोल्याचा पारा ४५ ओलांडतो तेव्हा, तेच डोंगर मळकट. माझा हिशेब सरळ होता: धूळ वाढली, डोंगर बुडाले. पण डिसेंबरातल्या सकाळी वावटळ नाही, वारा नाही, तरी डोंगर गायब. इथं माझं विज्ञान आटोपलं.

दहावीतल्या भाचीचं पुस्तक घेऊन बसलो. ‘प्रकाशाचे विकिरण’, म्हणजे माझ्या भाषेत उजेड कणावर आपटून भलतीकडे जाणं. उजेडाची लहर साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनची. कण तिच्यापेक्षा बराच लहान असला तर निळा रंग तांबड्याच्या साधारण चौपट विखुरतो, हे रॅले या शास्त्रज्ञाचं म्हणणं. कण लहरीएवढा किंवा मोठा झाला की सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि पांढुरका धुरकटपणा येतो. त्याचं गणित गुस्टाव मी या जर्मन शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये मांडलं. ते उघडलं आणि लगेच मिटलं.

मग प्रयोग. अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या ग्लासात दूध टाकून मोबाईलचा टॉर्च लावायचा. मी अर्धी वाटी ओतलं. “मामा, चहा नाही करायचा, थेंब टाका थेंब!” पुन्हा थेंब थेंब टाकलं, तेव्हा बाजूनं पाणी निळसर दिसलं आणि समोरून टॉर्चचा दिवा नारिंगी.

हेच पुढे वावरात सापडलं. पऱ्हाट्यांवर पेटवलेल्या चुलीचा धूर काळ्या मातीसमोर होता तोवर निळसर. वर उजळ आभाळासमोर गेला की तोच पिवळट-तपकिरी. खाली विखुरलेला उजेड दिसत होता, वर गाळून उरलेला. मी मान खालीवर करत बसलो. काकू म्हणाल्या, “धूर काय पाहून राह्यला बाप्पा, फुकनी घे!”

संध्याकाळी अमरावतीहून अकोल्याकडे जाताना सूर्य समोर असतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे ट्रकनं उडवलेली धूळ अशी चमकली की रस्ता दिसेना. आरशात मात्र मागची धूळ फिकट. मोठे कण उजेड बहुतेक पुढेच ढकलतात, म्हणून सूर्याकडे तोंड असलं की धूळ जास्त दिसते. हे कळेपर्यंत मी काचच पुसत होतो.

डिसेंबरचं कोडं शेवटी सुटलं. रात्री जमीन निवते, तिला लागलेली हवा थंड होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. चुलींचा, कचऱ्याचा, गाड्यांचा धूर त्याखाली अडकतो. त्यातले बरेच बारीक कण पहाटेची ओल पिऊन फुगतात, आणि फुगलेला कण उजेड जास्त विखुरतो. मी मातीची धूळ शोधत होतो. डोंगर धुरानं झाकले होते. पावसाची सर हेच कण धुऊन खाली आणते.

तेव्हा सूर्य पाठीशी घेऊन हवा पारखू नका. २.५ मायक्रॉनखालचे कण फुप्फुसात खोल जातात आणि सुटे डोळ्यांना दिसत नाहीत. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत अकोला आणि अमरावती दोन्ही आहेत. घरात दम्याचं माणूस असेल तर हिवाळ्यात त्याला पहाटे फिरायला धाडू नका, ऊन वर येऊ द्या.