उरलेले तीन चिंचोके

होळीला मेडशीला गेलो होतो. पुतण्या तिसरीत. भागाकार दिसला की रडकुंडीला येतो. मी पडलो इंजिनिअर, म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे! अर्ध्या तासात मीच त्याच्यावर ओरडलो. तो पळाला थेट चिंचेखाली. मागोमाग गेलो, तर स्वारी पाच पोरांत तेवीस चिंचोके वाटत बसलेली.

"काका, चार-चार आले. उरलेले तीन माहे!"

बाकीसकट बरोबर की राव!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते असंच बिया, पानं, खडे घेऊन. आणि मी वही घेऊन बसलो होतो. गणित त्याचं कच्चं नव्हतं, धीर माझा कच्चा होता.

सॉरी म्हणालो. त्यानं तिनातला एक चिंचोका मला दिला.