हलका हात

वस्तऱ्याला धार लावताना कोन मोजावा लागत नाही. विळ्याचा, कोयत्याचा कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा मात्र घडवणाऱ्यानेच पात्याच्या जाड पाठीत ठेवून दिलेला असतो. पातं दगडावर आडवं टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागू द्यायच्या आणि धार पुढे ठेवून सरकवायचं. परतताना पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीच नाही. वर्षानुवर्षांच्या घासण्याने धार झिजते तशी पाठही झिजते, त्यामुळे पंधरा-सोळा अंशांचा तो कोन जवळपास तसाच राहतो. एवढी सोय आधीच केलेली असताना शिकायचं काय उरतं? उरतो तो दाब.

बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्यात मला हे शिकवलं ते बाजारात बसून दाढ्या करण्यात आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने. १९५६ पर्यंत आमच्या बालाघाटची राजधानी नागपूर होती, म्हणून मराठी इथे परकी नाही. इथल्या मराठीत हिंदी, पोवारी, गोंडी सहज मिसळते, त्यामुळे त्याच्या एकाच वाक्यात वस्तरा आणि उस्तरा दोन्ही यायचे आणि दगडाला तो सिल्लीच म्हणायचा. माझा हात पाहून म्हणाला, ‘गुरुजी, जोर नोका लावू. वस्तऱ्याले त्याचं वजन पुरते.’ पुढे त्याने जे काही सांगितलं, तो याच वाक्याचा विस्तार होता.

सुरुवात सिल्लीपासून. वापराने तिच्या पोटात खोलगा पडतो आणि खोलग्यात पातं सरळ बसत नाही. म्हणून तिच्यावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं. मग हजारच्या आसपासच्या ग्रिटचा दगड. त्यावर पात्याच्या दोन्ही बाजू धारेपाशी नीट मिळवून घ्यायच्या. पुढे चार हजार, आठ हजार आणि त्याहून बारीक. प्रत्येक दगडाचं काम एकच, आधीच्या दगडाने काढलेले ओरखडे मिटवणं. पहिल्या दगडावर थोडा जोर चालतो, नंतर तो कमी करत न्यायचा. शेवटाला धार मायक्रॉनहूनही बारीक झालेली असते. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. इतकं पातळ पोलाद दाबलं की वाकतं. कधी ते दगडावरून उचललं जातं, कधी त्याला लोखंडाची बारीक झालर लोंबू लागते. ती झालर बोटाला धारदार वाटते, पण पहिल्याच दाढीला मोडते आणि गाल सोलून काढते. धार नीट बसत आली की सिल्लीवरचं पाणी धारेपुढे नुसतं ढकललं जात नाही, सबंध लांबीभर पात्यावर चढू लागतं. तोवर आवाजही खरखरीचा राहत नाही. त्यानंतर चामड्याचा पट्टा, आणि तिथे मात्र पाठ पुढे, धार मागे.

या नादात मी दगडांविषयी वाचू लागलो आणि फिरून आमच्याच जिल्ह्यात आलो. युरोपातल्या न्हाव्यांचा सर्वांत नावाजलेला दगड म्हणजे बेल्जियममधल्या व्हिएलसाल्मच्या परिसरातला पिवळसर कोटिक्युल. तिथल्या पाटीच्या दगडात त्याचे काही बोटं जाडीचे पट्टे असतात. त्यात लोखंड कापतात ते मँगनीज असलेल्या स्पेसर्टाइन नावाच्या गार्नेटचे अतिसूक्ष्म कण. आणि स्पेसर्टाइन व क्वार्ट्झ यांच्याच खडकाला भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी गोंडांवरून गोंडाइट हे नाव दिलं. भारतातल्या मँगनीजवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ चा. भरवेलीच्या खाणीमुळे जगाला ठाऊक झालेला आमचा मँगनीजचा पट्टा याच खडकांच्या सोबतीचा. म्हणजे बेल्जियमचा दगड आणि आमचा दगड नात्यातले. पण माझ्या हाती आलेल्या गोंडाइटाच्या तुकड्यांवर वस्तरा टेकवण्याची सोय नव्हती. त्यांचे कण बोटाला लागत होते. खडक जमिनीखाली जितका जास्त तापतो आणि दाबला जातो, तितके त्यातले स्फटिक साधारणपणे वाढतात. आणि मोठा कण ओरखडा मोठाच काढतो.

न्हाव्याच्या वाट्याला दाब कसा आला, हे मात्र भूगर्भशास्त्रात सापडत नाही. बलुत्याच्या व्यवस्थेत त्याने गावाच्या दाढ्या करायच्या, लग्नात निरोप पोचवायचे आणि खळ्यावर मिळेल ते धान्य घ्यायचं. सगळं गाव त्याच्यापुढे मान उंचावून गळा उघडा करायचं आणि उठल्यावर त्याला खालचाच मानायचं. ज्या घरात नवरा गेला, तिथल्या बाईचं डोकं भादरायलाही त्यालाच बोलावणं यायचं. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून हे काम करणार नाही असं ठरवलं. सुधारकांनी केशवपनावर लेख लिहिले, व्याख्यानं दिली. या माणसांनी वस्तरा खाली ठेवला. पोट त्याच वस्तऱ्यावर असताना ठेवला.

आता लामत्यातही दुकानात अर्धं ब्लेड लावायचा उस्तरा असतो. जिलेटच्या दुधारी पात्याला अमेरिकेत पेटंट मिळालं १९०४ साली. भारतात १९८६ मध्ये एचआयव्ही आढळल्यावर ‘प्रत्येक दाढीला नवं ब्लेड’ हा आग्रह सगळीकडे पसरला, आणि ते योग्यच झालं. सिल्ली त्यामुळे कोनाड्यात गेली. शहरांतले हौशी लोक आज कोटिक्युलला भरपूर पैसे मोजतात. मीही त्यांच्यातलाच, फक्त माझा खिसा लहान. एक कला बुडाली म्हणून मी एकदा त्या म्हाताऱ्या कारागिरापाशी हळहळलो. त्याचा मुलगा बालाघाटला मोटारी दुरुस्त करतो. म्हातारा म्हणाला, ‘पोरगा सुटला, गुरुजी.’ त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि ते असायचं कारणही नव्हतं. मी सिल्ली हौसेने हाती घेतली, त्याच्या हाती ती जन्माने दिली गेली होती. धारेचं ज्ञान टिकावं असं वाटणाऱ्याने आधी हा फरक मान्य करावा.

हलका हात म्हणजे सरावाने येणारी सफाई, असं मी समजत होतो. आता वाटतं, त्यात अधिकाराचाही प्रश्न आहे. पातं आपल्या हातात आहे, समोरच्याने डोळे मिटून गळा पुढे केला आहे. अशा वेळी आपल्याजवळ आहे त्यातला किती थोडा जोर वापरायचा, हे ठरवणं म्हणजे हलका हात. ज्यांना गावाने कधी अधिकारी मानलं नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या रोज सकाळी हे ठरवत आले. गावाने त्यांच्याकडून दाढी तेवढी करून घेतली. शिकण्यासारखं जे होतं, ते मात्र घेतलं नाही.