भर आषाढातले महाबळेश्वर

आमचे महाबळेश्वर म्हणजे मे महिना. गेली वीस वर्षे पेपर तपासून झाले की सौ. आणि मुलांना घेऊन तिथे चार दिवस राहायचे, वेण्णा तलावात होडीतून फिरायचे, मध नि चणे घेऊन परतायचे. ‘तिथली हवा मोठी कोरडी नि गोड!’ असे मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. यंदा आषाढात गेलो आणि वीस वर्षांचे ते ज्ञान वीस मिनिटांत वाहून गेले.

नेले पुतणीने. मीनल पुण्यात हवामानाच्या मॉडेलवर प्रबंध लिहिते. मॉडेल म्हणजे साऱ्या पृथ्वीचे वातावरण गणितात मांडून संगणकावर चालवायचे. त्यासाठी पृथ्वीवर चौकोन आखायचे आणि एका वेळी एका चौकोनाला पावसाचा एकच आकडा द्यायचा. तिचा चौकोन शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा. महाडपासून फलटणपर्यंतचा मुलूख एकाच घरात!

“काका, महाबळेश्वरच्या निम्मासुद्धा पाऊस माझे मॉडेल पाडत नाही,” वाईला एस.टी. थांबली तेव्हा ती म्हणाली. चेहरा नापास झालेल्या विद्यार्थिनीचा.

वाईला नुसती भुरभुर होती. पसरणीचा घाट चढून पाचगणीला उतरलो, तर छत्री उघडावी लागली. तिथून महाबळेश्वर अठरा-वीस किलोमीटर. तिथे पोचल्यावर छत्री मिटून ठेवली, कारण पाऊस वरून येतच नव्हता, आडवा येत होता. पॉइंटवर गेलो, तर दरीच्या जागी पांढरा पडदा. खोलीत अंथरूण ओले, काड्यापेटी सर्दावलेली.

समुद्रावरचे वारे सह्याद्री चढताना गार होतात नि माथ्यावरच ओझे टाकतात. पलीकडे उतरतात ते हलके होऊन. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, वाईला हजाराच्या आत आणि फलटणला जेमतेम पाचशे. यातले खरे कोणते? सगळीच! पर्जन्यमापकाचे तोंड एका फुलक्याएवढे. रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजतात, मोजणी चोख असते. पण तेवढ्या फुलक्याने दहा हजार चौरस किलोमीटरांच्या वतीने बोलावे काय?

“महाबळेश्वरला खूश करण्यासाठी मॉडेलचा पाऊस वाढवला, तर कागदावर फलटण बुडेल,” मीनल म्हणाली. फलटणच्या माणसाला पुढल्या तीस वर्षांचा अंदाज याच कागदावरून मिळायचा आहे, हे मला तेव्हा कुठे उमगले.

“मग उपग्रहातून बघा की,” मी सुचवले.

“बघतो ना! अमेरिका नि जपान यांचा टीआरएमएम १९९७ ते २०१५ पर्यंत पाऊसच मोजत होता. पण एका गावावर दिवसातून कसाबसा एखादा फेरा. मधे सर येऊन गेली, तर त्याला पत्ता नाही. शिवाय काही उपग्रहांना ढगाआडचे दिसत नाही. ते बाष्प मोजतात ते उघड्या आकाशात. त्यांच्या वहीत हवा जरा जास्तच कोरडी!”

“म्हणजे दर मे महिन्यात येणारे आम्ही!”

ती दोन दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. “अगदी तसेच, काका. म्हणून मॉडेललाही मे महिन्यातच महाबळेश्वरला पाठवायचे. उपग्रहाने जिथे नि जेव्हा पाहिले, मॉडेलमधलेही तेवढेच आकडे उचलायचे आणि मगच ताडून पाहायचे. पावसासाठी चौकोनातल्या मिळतील तेवढ्या मापकांची सरासरी काढायची, तीही क्षेत्रफळाच्या हिशेबाने.”

“मग मॉडेल निर्दोष?”

“छे! एवढ्या मोठ्या चौकोनात सह्याद्रीचा कडा घासून सपाट होतो. तिथे ते चुकतेच. किती चुकते, ते आता नव्याने मोजायचे.”

परतताना वाईला घाटाच्या पायऱ्या वाळलेल्या होत्या. मीनलने त्यांवर बसून वहीतले एक पान खोडले.

घरी येताच सौ.ने विचारले, “पाऊस किती होता हो?”

“कुठे?” मी म्हणालो.