मांडव नसलेली बाग

संपादक ताईंना मी आधीच विचारून घेतलं, "वाईनवर लिहिलं तर चालेल ना?" त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या पार्टीत चालते, मग स्मरणिकेत का नाही चालणार?" तेव्हा मंडळी, कुणाच्या भावना दुखावल्या तर तक्रार त्यांच्याकडे करावी! शिवाय हा लेख वाईनपेक्षा द्राक्षांबद्दल जास्त आहे, आणि द्राक्षांपेक्षाही आमच्या दादांबद्दल.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. घरी तीन एकर थॉमसन. शाळेतून आलं की दप्तर फेकून बागेत जायचं आणि मगमधल्या औषधात एकेक घड बुडवायचा, हे आमचं लहानपण. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मध्ये डावणी आणि भुरीच्या फवारण्या, शिवाय सोसायटीचं कर्ज. दादा माळकरी. नाशिकला वाईनरी निघू लागल्या, २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली, तेव्हा गावातल्या काहींनी वाईनच्या जाती लावल्या. दादा म्हणाले, "आपण खायची द्राक्षं पिकवतो, प्यायची नाही." विषय संपला.

आणि त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात येऊन दर सप्टेंबरात एका वाईनरीत हमाली करायला लागला! बे एरियातून अडीच-तीन तासांवर अमाडोर काउंटीत शेनँडोआ व्हॅली आहे. नापासारखी चकचकीत नाही. १८४८ साली या डोंगरांच्या पायथ्याशी सोनं सापडलं, खाणकामगार आले आणि त्यांची तहान भागवायला द्राक्षंही आली. सोनं संपलं, वेली राहिल्या. १९२० ते १९३३ दारूबंदी होती, पण घरच्यापुरती वाईन करायला मुभा होती, म्हणून झिनफँडेलची द्राक्षं रेल्वेने पूर्वेकडे जात राहिली आणि बऱ्याच बागा वाचल्या. ज्या झिनफँडेलला कॅलिफोर्निया आपलं लेकरू समजत होतं, ते मूळचं क्रोएशियातलं, हे २००१ साली डीएनए तपासणीत नक्की झालं. म्हणजे तेही आपल्यासारखंच, बाहेरून येऊन रुजलेलं.

मी जातो ती वाईनरी अगदी छोटी, नवरा-बायको आणि एक मदतनीस. बाटलीवर 'हँडक्राफ्टेड' लिहिलेलं असतं. या शब्दाला काही कायदेशीर व्याख्या नाही, कारखानेही सर्रास छापतात. पण इथे ते खरं आहे, हे माझी पाठ सांगू शकते. पहाटे कात्रीने घड तोडायचे, टेबलावर निवडायचे, देठ काढून मोठ्या उघड्या टाक्यांत टाकायचे. आंबायला लागलं की साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर होतो. तो दांड्याने दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, रात्रीसुद्धा. रंग सगळा सालीत असतो, आतला रस जवळजवळ पांढराच. नंतर पिळून ओकच्या पिंपांत. एका पिंपात साधारण तीनशे बाटल्या.

२०१४ च्या मार्चमधली गारपीट तुम्हाला आठवत असेल. आमच्या बागेतला माल तर गेलाच, काड्यांनाही जखमा झाल्या. पुढच्या हंगामात घडच धरले नाहीत. मी फोनवर म्हटलं, "पैसे पाठवतो, बाग ठेवा." दादा म्हणाले, "नको." ते 'नको' ऐकून मला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं. तेव्हाच आम्ही घर घेतलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात जेसीबी आणून चौदा वर्षांची बाग काढली.

त्याच सप्टेंबरात दादा आणि आई इकडे आले. दादांना वाईनरीत न्यावं की नाही, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तेच म्हणाले, "चल, बाग बघू. बाकीचं तुझं तू बघ."

बागेत पोचल्यावर ते बराच वेळ उभेच राहिले. मांडव नाही, तारा नाहीत, ठिबक नाही. भुरभुरीत ग्रॅनाइटच्या मातीत मांडीएवढ्या जाड, पिळवटलेल्या खोडांची कमरेएवढी झुडपं. "मांडव कुठाय?" मी सांगितलं, या वेलींना मांडव नसतो, आणि त्या शंभरीच्या पुढच्या आहेत. त्यांनी घड हातात घेतला. झिनफँडेलचं एक आहे, एकाच घडात हिरवे मणी, पिकलेले मणी आणि बेदाणा झालेले मणी असे तिन्ही सापडतात. "हा घड आमच्याकडे व्यापारी फेकून देईल," दादा म्हणाले. एकरी माल किती, विचारलं. दीड टन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की भाषांतर मीच चुकवलं असावं.

तेवढ्यात मालकांनी रिफ्रॅक्टोमीटर काढला. दादांनी हात पुढे केला, न विचारता. डोळ्याला लावून म्हणाले, "पंचवीस! आम्ही अठराला गाडी भरतो." मग दोघांनीही एकेक मणी तोंडात टाकला आणि बी चावून बघितली. मालक बी पिकली का ते बघत होते, तपकिरी आणि कुरकुरीत लागली पाहिजे. दादांच्या थॉमसनमध्ये तर बीच नसते! तरी दोघांनी एकदमच मान हलवली. मी मध्ये दुभाषा होतो, पण त्यानंतर तासभर माझी फारशी गरज पडली नाही.

निघताना दादा एका खोडावर हात ठेवून थांबले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "यांना कुणी काढलं नाही." बस, एवढंच.

वाईन चाखायचा प्रश्नच नव्हता. पण यंत्रातून नुकता पडलेला, न आंबलेला रस मालकांनी पेल्यात दिला, तो दादांनी माळेला हात लावून घेतला. "हा चालतो," म्हणाले, आणि दुसरा पेला मागितला.

त्या वर्षीच्या दोन बाटल्या माझ्या कपाटात आहेत. एकही उघडलेली नाही.

परत गेल्यावर दादांनी विहिरीजवळ एकच वेल लावली, काठीला बांधून, मांडवाशिवाय. आपल्याकडच्या पावसात ते कसं जमायचं! धाकटा भाऊ फोनवर हसतो, डावणी दरवर्षी ठरलेली. पहिल्यांदा फळ धरलं तेव्हा मी विचारलं, "किती घड?" दादा म्हणाले, "पाच. तीन पाखरांनी खाल्ले."