आशागडचे छप्पर, डहाणूची होडी

डहाणूरोड स्टेशनहून पूर्वेकडे गेले की आशागड लागते. इथून समुद्र दिसत नाही. पावसाच्या तोंडावर इथल्या पाड्यांवर एकच धांदल असते, ती घर शाकारण्याची. कौले चाळायची, गवताचे छप्पर असेल तर नवे गवत चढवायचे. त्याच दिवसांत पश्चिमेला डहाणूच्या किनाऱ्यावर होड्या शाकारतात. शब्द एकच, आणि धास्तीही एकाच पावसाची.

थंड देशांत शिडाच्या होड्या हिवाळ्यात जमिनीवर घेतात; कारण आत साचलेले पाणी गोठून फुगते व भेगा पाडते. आपल्या होडीचा हिवाळा म्हणजे पावसाळा. २०२५ साली महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस मासेमारी बंद होती.

वाचकांना नवल वाटेल, पण लाकडी होडीला खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने कुजण्याचे भय जास्त. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो हे खरे. परंतु कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी वाढत नाही. पावसाचे पाणी सांध्यात मुरले की ती फोफावते. म्हणून होडी ओंडक्यांवर सरळ टेकवतात, तळाचे शंखशिंपले खरवडतात, पाणी निघून जाईल अशी वाट ठेवतात. वरून झावळ्या किंवा ताडपत्री घालतात. मात्र दोन्ही टोकांना वारा खेळता हवा. घट्ट गुंडाळलेली होडी आतून घामेजते.

डोलकाठी उतरवली तर दोर व लोखंडी सामान सोडवून, तेलाचा हात देऊन आडवी ठेवावी. तिला तीन-चार ठिकाणी आधार द्यावा. दोनच टोकांवर ठेवली तर मध्ये वाकते आणि जमिनीवर टाकली तर वाळवी लागते. हिशेबाच्या भाषेत याला देखभाल म्हणतात. होडी हेच ज्या घराचे भांडवल, त्या घराला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण होडी विसावते तेव्हा खलाशी विसावत नाही. डहाणू-तलासरीचे अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. बंदीच्या काळात ते घरी येतात ते भाताच्या आवणीला. समुद्रात हद्दीच्या वादात सापडून यांतले काहीजण पाकिस्तानच्या तुरुंगातही खितपत पडले आहेत. त्या वेळी घरच्यांच्या हाती बोटीचे नावसुद्धा नसते.

म्हणून बंधू-भगिनींनो, पुन्हा बोटीवर जाण्याआधी घेतलेली उचल तारखेसह लिहून ठेवा. बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, मालकाचा पत्ता आणि ओळखपत्राची झेरॉक्स घरच्या बाईच्या हाती द्या. होडी शाकारायला दोन-चार दिवस लागतात. या कागदाला अर्धा तास पुरतो.