मुदतीचे बिऱ्हाड

हिंजवडीच्या कचेऱ्यांतून कामगिरीवर अमेरिकेस निघालेले आमचे जुने विद्यार्थी निरोप घ्यावयास येतात, तेव्हा थंडी व जेवण ह्यांचीच काळजी बोलून दाखवितात. आमच्या मते खरी अडचण निराळीच आहे. तिकडील एच-१बी परवाना प्रथम ३ वर्षांचा, वाढवून बहुधा ६ वर्षांचा. तेव्हा 'आपण येथले नव्हेच' असे म्हणून गृहस्थ बिऱ्हाडात धड कढईही घेत नाही की शेजाऱ्याचे नावही विचारीत नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ पुण्याच्या साडेनऊ तास मागे असते. ह्याचे मन मात्र पुण्याच्याच वेळेवर चालते.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, त्याही परतण्याच्या निश्चयानेच. तेथे त्यांची प्रकृती खालावली, हे खरे. तथापि लुगडे व शाकाहार न सोडताही त्यांनी कार्पेंटरबाईंशी मावशीचे नाते जोडले आणि १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळविली. परतावयाचे असणे हे परके राहण्याचे कारण त्यांनी केले नाही.

म्हणून निरोपास आलेल्यांस आम्ही सांगतो : पहिल्याच आठवड्यात कढई घ्या, आणि पहिल्या दिवशी केलेला शिरा शेजारी नेऊन द्या.